वांगाचे चोवीस आठवडे

दोन्ही गालांवर आणि कपाळावर वांग, म्हणजे तपकिरी-काळपट डाग, होतं, तीन वर्षांपासून. त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्यावर पुढे काय होतं, किती थांबावं लागतं, कशात चुकतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मी घालमेल वाचली असती. म्हणून तारखांसकट सगळं लिहून काढते आहे. माझा रंग सावळा. त्याच दिवशी मावसबहीणही तपासून घ्यायला आली होती. ती गोरी आहे आणि उन्हात गेली की लाल होते. त्यामुळे ऊन दोन वेगळ्या रंगांवर काय करतं, ते शेजारीशेजारी बघायला मिळालं.

६ जानेवारीला नाव नोंदवलं आणि २७ जानेवारीची वेळ मिळाली. मधले तीन आठवडे नुसते घालवू नका. चेहऱ्याला आजवर लावलेल्या प्रत्येक गोष्टीची ट्यूब किंवा डबी एका पिशवीत जमा करा, रिकामी झालेलीसुद्धा. पोटात घेत असलेल्या गोळ्यांची यादी करा. गर्भनिरोधक गोळ्यांनी वांग येतं आणि वाढतं. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड हे रक्तदाबाचं औषध चालू असेल तर त्वचेला ऊन सोसत नाही. हे सगळं ऐनवेळी आठवत नाही. डाग नव्हते तेव्हाचा एखादा फोटो असेल तर तोही बरोबर ठेवा, कारण सुरुवात कधी झाली हे विचारतातच. तपासणीच्या दिवशी चेहऱ्यावर काहीही लावायचं नाही, सनस्क्रीनसुद्धा नाही.

गेल्यावर आधी दोन कागद भरायचे होते. पहिला नेहमीचा: आजार, ॲलर्जी, गरोदरपण, घरात कुणाला वांग किंवा त्वचेचा कर्करोग आहे का. दुसरा फोटोच्या संमतीचा, आणि तो वाचल्याशिवाय सही करू नये. त्यात उपचारांच्या नोंदीसाठी फोटो काढण्याची संमती वेगळी होती आणि तेच फोटो शिकवण्यासाठी किंवा छापण्यासाठी वापरण्याची वेगळी. मी फक्त पहिली दिली. त्यावरून काहीही अडलं नाही.

आत गेल्यावर पहिला प्रश्न आला तो रंगाचा नव्हता. "बऱ्याच दिवसांनी कडक उन्हात तासभर राहिलात तर आधी भाजतं की आधी रापतं?" त्वचेचे सहा प्रकार यावरून ठरतात. थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ साली ही विभागणी केली, ती सोरालेन औषध देऊन अतिनील किरणांचा उपचार करताना कुणाला किती मात्रा सोसेल हे आधी कळावं म्हणून. सुरुवातीला त्यात गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते, गडद त्वचेचे दोन नंतर जोडले गेले. पहिल्या प्रकारात त्वचा नेहमी भाजते आणि कधीच रापत नाही, सहाव्यात जवळजवळ कधीच भाजत नाही. मी पाचव्यात निघाले, बहीण दुसऱ्यात.

रंग वेगळे असले तरी रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या सगळ्यांमध्ये जवळपास सारखीच असते, हे मला नवीन होतं. फरक पडतो त्या पेशी किती मेलॅनिन बनवतात, कोणत्या जातीचं बनवतात आणि त्याचे कण वरच्या पेशींमध्ये कसे पसरतात यामुळे. गडद त्वचेत कण मोठे आणि सुटे पसरलेले असतात, फिकट त्वचेत लहान आणि गुच्छाने. त्यामुळे गडद त्वचेला स्वतःचं थोडं संरक्षण असतं. फार गडद त्वचेचं हे संरक्षण एसपीएफच्या, म्हणजे सनस्क्रीन भाजण्यापासून किती वाचवतं हे सांगणाऱ्या आकड्याच्या, भाषेत साधारण १३ पर्यंत मोजलं गेलं आहे, गोऱ्या त्वचेचं ३ च्या आसपास. म्हणजे सावळ्या माणसाला ऊन लागत नाही असं नाही, उशिरा लागतं. शिवाय आपल्यात भाजल्याची लाली दिसत नाही. त्वचा गरम लागणं, ताणल्यासारखी वाटणं, हात लावला की दुखणं, दुसऱ्या दिवशी खाज येणं, ही आपली भाजल्याची लक्षणं. लाली नाही म्हणून भाजलं नाही असं धरून चालायचं नाही.

मग डॉक्टरांनी बाही वर करायला सांगितली आणि दंडाची आतली बाजू गालाशेजारी धरली. "हा तुमचा रंग. आपल्याला इथपर्यंत यायचंय, याच्या पलीकडे नाही." मला मनातून धास्ती होती की सावळ्या बाईने डाग दाखवले की समोरचा गोरेपणाचं काहीतरी काढून देणार. ती त्या वाक्याने गेली. घरी तुम्हीही हे करून बघा. रोजच्या उजेडात दंडाची आतली बाजू आणि मनगटाची वरची बाजू जवळ धरा. जो फरक दिसेल तेवढी त्वचा उन्हाने रापलेली आहे.

यानंतर खोली अंधारी करून वूड्स दिव्याखाली चेहरा पाहिला. हा दिवा ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळट उजेड टाकतो. रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर डाग त्याखाली ठळक होतो, खोल असेल तर होत नाही. वरचा डाग औषधाला लवकर दाद देतो, खोलचा निळसर-राखाडी डाग रेंगाळतो. गडद त्वचेत या दिव्याचा अंदाज कमी भरवशाचा असतो, हे डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं. माझ्यात दोन्ही मिसळलेलं होतं. नंतर गुण मांडले: कपाळ, दोन गाल आणि हनुवटी यांवर डाग किती पसरलाय, किती गडद आहे, किती सलग आहे, यावरून ० ते ४८ पर्यंत. माझे १५.३ आले. हा आकडा मागून लिहून घ्या. आरशात रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, आकड्यात कळतो.

मग पिशवी उपडी केली. त्यातल्या एका डबीवर घटकद्रव्यंच छापलेली नव्हती. ती तिथेच बाजूला गेली. अशा क्रीममध्ये क्लोबेटासॉलसारखं तीव्र स्टेरॉइड, जास्त प्रमाणात हायड्रोक्विनोन हे रंग उतरवणारं औषध किंवा पारा असू शकतो. स्टेरॉइडने पहिल्या महिन्यात चेहरा उजळ दिसतो, म्हणून माणूस त्यात अडकतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येतं आणि क्रीम बंद केलं की आग आग होते. पारा मूत्रपिंडाला इजा करतो. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण कमी करत आणण्याचीही पद्धत असते.

शेवटी सनस्क्रीनची ट्यूब हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ही कधी उघडली?" मी म्हटलं, चार महिने झाले असतील. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून. चेहरा आणि मान मिळून साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरले तर एका वेळेला १.२ ग्रॅम होतात. दिवसातून दोनदा लावलं तर २.४ ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपायला हवी. चार महिने पुरली याचा अर्थ मी लागणाऱ्या मात्रेच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाने लावत होते आणि ट्यूबवर लिहिलेलं एसपीएफ ५० मला कधी मिळालंच नव्हतं. या सगळ्या उपचारात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हा हिशेब. एसपीएफ ३० बरोबर लावलं तर भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ३ टक्के आत जातात, ५० ने २ टक्के. तो फरक किरकोळ आहे, मात्रेचा फरक प्रचंड. खर्चाचा अंदाजही यातूनच येतो: चोवीस आठवड्यांना आठ ट्यूब. हे आधीच धरून चाला, म्हणजे तिसऱ्या महिन्यात हात आखडणार नाही.

तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक जाड रेघ काढली की चेहरा आणि मानेपुरती मात्रा होते. एकदम जमत नसेल तर अर्धी लावायची, दोन-तीन मिनिटांनी उरलेली. कान, केसांची कड, मानेची मागची बाजू आणि भुवयांवरचा पट्टा हमखास सुटतो. दाबून चोळलं की कण्या निघतात, आधीचं मॉइश्चरायझर ओलं असलं तरी निघतात. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं द्यायची, दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावायचं.

आता वांगासाठी खास असलेली गोष्ट, जी ट्यूबवर लिहिलेली नसते. एसपीएफ हा आकडा मुख्यतः भाजणाऱ्या अतिनील-बी किरणांचा. रापवणाऱ्या अतिनील-ए साठी पीए आणि त्यापुढची अधिकचिन्हं बघायची, चार असतील तर उत्तम. पण सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा उजेडही, विशेषतः त्यातला निळा भाग, काळेपणा आणतो आणि तो टिकतो. गोऱ्या त्वचेत हे फारसं होत नाही. साधं सनस्क्रीन हा उजेड अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, मातकट रंगाचं सनस्क्रीन लागतं. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या सनस्क्रीनने आपला चेहरा राखेसारखा दिसतो आणि मग माणूस कमी लावतो. रंगीत सनस्क्रीनने तो प्रश्नही सुटतो. छटा निवडताना हातावर नव्हे, जबड्याच्या कडेवर लावून दिवसाच्या उजेडात बघा.

रात्रीसाठी तीन औषधांचं मिश्र मलम मिळालं: हायड्रोक्विनोन ४ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०५ टक्के आणि फ्लुओसिनोलोन हे सौम्य स्टेरॉइड ०.०१ टक्का. मुदत आठ आठवड्यांची, आणि ती चिठ्ठीवर तारखेसह लिहिलेली होती. हे मलम चिठ्ठीशिवाय आणि मुदतीपलीकडे लावू नका. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर त्वचेत निळसर-काळे डाग बसू शकतात आणि ते निघणं फार कठीण. गरोदरपणात तर हे मलम नाहीच. गर्भनिरोधक गोळी बदलण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना वेगळी चिठ्ठी दिली. तिकडची वेळ मिळून गोळी बदलायला बारा दिवस गेले.

जाण्यापूर्वी डॉक्टरांनी मला पायमोजे काढायला लावले. वांगासाठी आलेल्या बाईचे तळपाय कशाला बघायचे, असं मला वाटलं. पण गडद त्वचेत मेलानोमा हा कर्करोग होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात आणि नखांखाली होतो, जिथे उन्हाचा संबंध नसतो. गायक बॉब मार्ली १९८१ साली गेले ते याच आजाराने, आणि त्यांच्यात तो पायाच्या बोटाच्या नखाखाली सुरू झाला होता. गडद रंगाच्या माणसांच्या नखांवर उभ्या तपकिरी रेघा पुष्कळदा असतात आणि त्या निरुपद्रवी असतात. एकाच नखात रेघ असेल, ती रुंदावत असेल, ३ मिलिमीटरच्या वर गेली असेल किंवा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला असेल तर लगेच दाखवायचं.

बहिणीची तपासणी वेगळ्याच वाटेने गेली. तिला डाग नव्हते, अंगभर तीळ होते. डर्मोस्कोप या भिंगाच्या दिव्याने एकेक तीळ पाहायला पाऊण तास लागला. दोन अर्धे सारखे आहेत का, कड फाटकी आहे का, रंग एकापेक्षा जास्त आहेत का, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का आणि गेल्या काही महिन्यांत बदललाय का, हे पाच प्रश्न. पोटरीवरच्या एकात शेवटचं उत्तर "हो" आलं. तो त्याच आठवड्यात, भोवतीच्या २ मिलिमीटर कातडीसह, भूल देऊन काढला. त्यासाठी संमतीपत्र वेगळं, तपासणीच्या बाटलीवरचं नाव स्वतः वाचून खात्री करण्याची सही वेगळी. अहवाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत ती रोज रात्री फोन करायची, "ताई, काही नसेल ना?" आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. काही निघालं नाही. टाके चौदाव्या दिवशी काढले. पायावरचे टाके चेहऱ्यावरच्यापेक्षा जास्त दिवस ठेवतात, पोहणं आणि धावणं तोवर बंद.

तिने विचारलेला प्रश्न मात्र खूपजणांचा असतो. सुट्टीआधी थोडं थोडं ऊन घेऊन त्वचा रापवून घेतली तर नंतर भाजणार नाही ना? रापलेपणातून मिळणारं संरक्षण एसपीएफ ३-४ एवढंच, आणि रापणं हीच मुळात पेशींच्या डीएनएला इजा झाल्याची खूण. उन्हानंतर लगेच येणारा राखाडी काळेपणा म्हणजे आधीच्याच रंगद्रव्यात झालेला बदल, त्याने संरक्षण वाढत नाही. नवं रंगद्रव्य दोन-तीन दिवसांनी दिसू लागतं. कृत्रिम दिव्याखाली रापवून घेण्याबद्दल तर शंकाच नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली त्या उपकरणांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं.

पहिल्या दोन आठवड्यांत माझी सर्वांत मोठी चूक झाली. मलम संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं, धुतल्यानंतर २० मिनिटांनी, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचं होतं. लवकर उतरावं म्हणून मी डागांवर दुप्पट लावलं. नवव्या दिवशी गाल चुणचुणू लागले, बाराव्या दिवशी पापुद्रे सुटले. सावळ्या त्वचेत कोणतीही जळजळ स्वतःचा काळा डाग मागे ठेवून जाते, मग ती औषधाची असो, पीलिंगची असो किंवा लेझरची. म्हणूनच आपल्या रंगाला झटपट उपाय महागात पडतात. फोन केल्यावर तीन दिवस मलम बंद, फक्त साधं मॉइश्चरायझर, नंतर एकाआड एक रात्र असं ठरलं. त्याने ते सावरलं. २४ फेब्रुवारीच्या भेटीत फरक जवळजवळ शून्य होता आणि मी खट्टू होऊन परतले. वरच्या थराच्या पेशी बदलायलाच चार-सहा आठवडे लागतात, तेव्हा चौथ्या आठवड्यात आरशाकडून अपेक्षा धरू नका.

२४ मार्चला गुण ७.८ झाले. मुदत संपल्यामुळे मिश्र मलम थांबलं आणि डाग फिकट करणारं २० टक्के ॲझेलेइक ॲसिडचं मलम सकाळ-संध्याकाळ सुरू झालं. त्याने पहिले आठ-दहा दिवस खाज येते, मग कमी होते. त्याच दिवशी ड जीवनसत्त्वाची तपासणी सांगितली. गडद त्वचेत ते उन्हापासून सावकाश बनतं आणि मी आता ऊन टाळत होते. दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली निघालं, गोळ्या लागल्या. वांग असताना ते भरून काढायला उन्हात बसायचं कारण नाही.

२१ एप्रिलला गुण घटण्याऐवजी ८.१ झाले. उजवा गाल सुधारला होता, डावा पुन्हा गडद. घरी जाऊन विचार करण्याआधीच डॉक्टरांनी विचारलं, "कामाला बसता तिथे खिडकी कोणत्या बाजूला?" डाव्या बाजूला. साधी काच अतिनील-बी अडवते, म्हणून काचेआड भाजत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. अतिनील-ए आणि दिसणारा उजेड आत येतच राहतो. गाडीची पुढची काच थरांची असल्याने बरंचसं अडवते, बाजूच्या काचा तितकं अडवतीलच असं नाही. २८ वर्षं ट्रक चालवणाऱ्या एका माणसाचा फोटो २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. खिडकीकडचा अर्धा चेहरा सुरकुतलेला आणि जाड, दुसरा अर्धा कितीतरी तरुण. मी घरातच आहे म्हणून दुपारचं सनस्क्रीन सोडत होते. त्या दिवसापासून टेबल फिरवलं, दुपारी एकला गजर लावला.

बाहेरच्या उन्हासाठी रोज अतिनील निर्देशांक, म्हणजे त्या दिवशीच्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, बघायची सवय लागली. ३ किंवा त्यावर असेल तर टोपी आणि सनस्क्रीन, ८ च्या पुढे गेला तर शक्यतो सावली. आकडा हाताशी नसेल तर आपली सावली बघायची: ती आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन तीव्र. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण येतात, म्हणून मळभ म्हणजे सुट्टी नव्हे. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला ते सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. वाळू १५ टक्के परत फेकते, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. त्यामुळे बर्फात आणि वाळूवर छत्री पुरत नाही. घट्ट विणीचा, गडद, पूर्ण बाह्यांचा कपडा सनस्क्रीनपेक्षा भरवशाचा, कारण त्याची मात्रा कमी पडत नाही.

बाराव्या आठवड्यानंतर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या सुरू झाल्या, २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. हे मूळचं रक्तस्राव थांबवणारं औषध. त्याआधी कधी रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकार झालाय का, धूम्रपान आहे का, घरात कुणाला गुठळ्यांचा त्रास आहे का, असे प्रश्न कागदावर विचारून सही घेतली. इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी चालू असती तर हे दिलंच नसतं. सुरुवातीलाच ती बदलल्याचा फायदा इथे झाला. पोटरी दुखली, सुजली किंवा धाप लागली तर लगेच गोळी बंद करून रुग्णालय गाठायचं, हे दोनदा बजावलं.

१४ जुलैला शेवटची ठरलेली भेट झाली. गुण ३.६. दंडाची आतली बाजू पुन्हा गालाशेजारी धरली, कपाळ जुळलं, गालांवर फिकट सावली उरली आहे. ती खोलची आहे आणि कदाचित राहील. गोळ्या थांबल्या, ॲझेलेइक ॲसिड रात्री एकदाच, सनस्क्रीन तसंच. वांग परत येण्याची सवय असलेला आजार आहे, म्हणून पुढची वेळ तीन महिन्यांनी घेतली. बहीण वर्षातून एकदा तीळ दाखवायला जाणार. घरी येऊन नववी ट्यूब उघडली आणि तिच्या पाठीवर पेनाने तारीख लिहिली: १४ जुलै. ४ ऑगस्टला ती रिकामी असायला हवी.